गिर्यारोहण आणि स्कीइंग, दोन्हीला एकच बूट घेताना

मुंबईतून गुलमर्ग-मनालीला जाणाऱ्यांनो, दोन्हीसाठी एकच जोडी हवी असेल तर टूरिंगचा, म्हणजे स्की लावूनच डोंगर चढून उतरायचा स्की बूट बघा, वॉक मोडवाला (चालताना घोटा मोकळा सोडणारा), कारण साध्या गिर्यारोहणाच्या बुटाला पुढे पिनवाल्या बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची) भोकं नसतात आणि रिसॉर्टचा स्की बूट चढायला फारच कडक. रबरी सोल हवाच. क्रॅम्पॉन (बर्फावर चढायला बुटाखाली लावायचे काटे) दुकानातच लावून बघा, काही अगदी हलक्या बुटांना पुढची कड नसते, मग पुढे तारेची कडी असलेला क्रॅम्पॉन बसतच नाही!

साइज मात्र घाईत ठरवू नका. आतला लायनर (मऊ अस्तर) काढा, नुसत्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घालून बोटं पुढे टेकवा, टाचेमागे साधारण दीड सेंटीमीटर जागा राहिली तर बरोबर. उतरताना टाच हलली तर स्कीवर ताबाच राहत नाही हो. आणि आपल्या पावसाळ्यात लायनर बाहेर काढूनच ठेवा, नाहीतर बुरशी येते.