ॲडव्हेंटमध्ये वर्गात 'गुपित मित्र' कसा चालवायचा

कॅथलिक प्रायमरी शाळेत शिकवत असाल तर ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ, यासाठी एकदम बेस्ट. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकाने एक उचलायची आणि सुट्टी लागेपर्यंत त्या मुलासाठी गुपचूप काहीतरी चांगलं करायचं. गिफ्टबिफ्ट अजिबात नाही हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा, नाहीतर कोणाच्या घरचे किती खर्च करतात त्याचीच स्पर्धा लागते.

आता लहान मुलांना नुसतं 'दयाळू व्हा' म्हटलं की ती मान डोलावतात आणि विसरतात, त्यामुळे नेमकं काम द्या: पेन्सिलला टोक करून ठेव, डबा खाताना एकटा बसला असेल तर शेजारी जाऊन बस, खाली पडलेला स्वेटर उचलून खुर्चीला अडकव. कोणाकडे कोणाची चिठ्ठी गेलीय ती यादी तुमच्याकडे हवीच, कारण एखादा हमखास विसरतो आणि समोरचं पोर वाट बघत बसतं, मग तुम्हीच हळूच काहीतरी करायचं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली (अध्याय 10) दयाळू शोमरोन्याची गोष्ट सुरुवातीलाच सांगा: रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला बघून त्याचेच लोक पुढे निघून जातात, आणि शोमरोनी, म्हणजे दुसऱ्याच समाजाचा माणूस, थांबून मदत करतो. वर्गात इतर धर्मांची मुलं असली तरी बिनधास्त, त्या गोष्टीत मदतीला थांबतो तो परकाच असतो ना! आणि हो, सफाई करणाऱ्यांची नावंही चिठ्ठ्यांत टाका.