मिलनानंतर मादी पतंगाचा कामगंध मोजताय? या चुका टाळा

मिलन झालं की बऱ्याच जातींच्या मादी पतंग कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा वास, सोडायचं थांबवतात आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या कामगंध-ग्रंथीतला साठाही झपाट्याने उतरतो. हेलिकोव्हर्पा झिया या जातीत ही घसरण दोनेक तासांतच दिसते. तुमच्या घाटेअळीच्या कुमारी आणि मिलन झालेल्या माद्यांमध्ये फरकच दिसत नसेल, तर आधी मांडणी तपासा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नर-मादी रात्रभर एका बरणीत होते, म्हणून मिलन झालंच असं धरून चालणं. जोडी लागलेली दिसली तरी तेवढं पुरत नाही. बरणी हलली, जोडी मध्येच सुटली, तर नराकडून काहीच पोचलेलं नसू शकतं. जोडी आपोआप सुटू द्या. ग्रंथी कापून घेतल्यावर त्याच मादीचं पोट सलाइनमध्ये उघडा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बर्सा, म्हणजे नराकडून आलेलं साठवणारी मादीची पिशवी, शोधा. आत लांब मानेची, पांढुरकी-पिवळसर पुडी म्हणजे स्पर्मॅटोफोर (नराने दिलेली शुक्राणूंची पुडी) दिसला, तरच तिची नोंद ‘मिलन झालेली’ अशी करा. उलट बाजूने, ‘कुमारी’ मादीही खरंच कुमारी हवी. त्यासाठी कोषातच निवड करा: मादीची जननफट पोटाच्या आठव्या खंडावर असते, नराची नवव्या.

दुसरी चूक वेळेची. कामगंध बनवायला लावणारं पीबान हे संप्रेरक अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छात तयार होतं आणि त्याचा जोर अंधारात असतो. दुपारी ग्रंथी काढलीत तर कुमारी मादीही रिकामीच वाटेल. दोन्ही गटांचं वय आणि अंधाराचा तास एकच ठेवा. मुंबईत रस्त्यावरचे दिवे रात्रभर खिडकीतून आत येतात, त्यामुळे काळा पडदा हवाच. टायमरवर १४ तास उजेड, १० तास अंधार लावा आणि काम मंद लाल दिव्यात करा.

ग्रंथीतला कामगंध अर्कात उतरवायला १० मायक्रोलिटर हेक्सेन हे द्रावक पुरतं, पण इथल्या उकाड्यात ते बघता बघता उडतं. म्हणून अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला ओळखीचा पदार्थ) ग्रंथी टाकण्याआधीच हेक्सेनमध्ये घाला, नंतर नाही.

अर्कात दिसतो तो साठा. मादीने हवेत किती सोडलं, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी हवेतला गंध वेगळा गोळा करावा लागतो. निदान दर १५ मिनिटांनी कोणत्या मादीने गंध सोडण्यासाठी पोटाचं टोक बाहेर काढलंय, एवढं तरी टिपून ठेवा.

आणि साठा घटला म्हणून ‘ग्रंथी निकामी झाली’ असं लिहू नका. रेशीमकिड्याच्या मिलन झालेल्या मादीला पीबान टोचलं की कामगंध पुन्हा बनू लागतो. ग्रंथी शाबूत असते, हुकूम थांबलेला असतो. तुमच्या जातीत हे तपासताना तेवढंच सलाइन टोचलेला गट सोबत ठेवा.