'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ऐकायचा कसा

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतात, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत कसं मिसळतं हे समजून घ्यायचं असेल, तर इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश त्रिकुटाच्या १९७१च्या या अल्बमपासून सुरुवात करावी. मूळ शास्त्रीय रचना वेगळी ऐकायला मिळते, त्यामुळे या तिघांनी तिचं नेमकं काय केलं ते ताडून पाहता येतं.

म्हणून आधी मूळ पियानो. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये दिवंगत मित्र, वास्तुविशारद-चित्रकार हार्टमनच्या चित्रांवर ही रचना केली. दहा चित्रं, आणि प्रदर्शनात फिरणाऱ्या माणसाची 'प्रोमनाड' ही धून मधूनमधून परत येते. अल्बममध्ये यातली चारच चित्रं घेतली आहेत: बुटका, जुना किल्ला, बाबा यागा या रशियन लोककथांतल्या चेटकिणीची झोपडी आणि कीव्हचं महाद्वार. पियानोवर प्रोमनाड आणि ही चार चित्रं दोनदा ऐकलीत तरी पुरे.

प्रोमनाड मात्र पाठ व्हायलाच हवी. पहिली ओळ सरगममध्ये अशी बसते: ध प सा रेप ग । रेप ग सा रे ध प. दोन्हीकडचे ध-प मंद्रातले, 'रेप' एका मात्रेत. पहिल्या खंडात पाच मात्रा, दुसऱ्यात सहा. बोटांवर मोजत गुणगुणा. स्वर भूपाचेच पाच आहेत, त्यामुळे मराठी कानाला ती लवकर बसते; पण यात भूप शोधू नका, चलन त्याचं नाही. दुसरी चूक म्हणजे अकरा मात्रांचं आवर्तन धरून समेची वाट पाहणं. थोड्याच वेळात सहा-सहाचे खंड येतात आणि हिशोब मोडतो. इथे ठेका नाही, चालणाऱ्याची पावलं आहेत.

आता अल्बम. याच नावाची त्यांची इतर ध्वनिमुद्रणंही आहेत. मार्च १९७१ मधली न्यूकॅसल सिटी हॉलची मैफल निवडा. ॲपमध्ये शफल बंद करा, क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा सुरू करणारी सोय) शून्यावर आणा. सलग मैफल आहे, ट्रॅक एकमेकांत घुसले की जोड हरवतात. लोकलमध्ये पहिलं ऐकणं नको: 'द सेज' या गाण्यातली अकूस्टिक गिटार गाडीच्या खडखडाटात बुडते. रात्री घरी, हेडफोनवर, साधारण ३८ मिनिटं मोकळी ठेवून बसा.

सुरुवात सभागृहातल्या पाइप ऑर्गनवर प्रोमनाडने होते, जवळपास मुळाबरहुकूम. दुसऱ्यांदा ती येते तेव्हा गायक ग्रेग लेक तिच्यावर शब्द गातो, तिसऱ्यांदा तिघं मिळून वाजवतात. या तीन जागा सापडल्या की अल्बमचा सांगाडा हाती येतो. 'द सेज' मुसोर्गस्कीचं नाही, लेकचं स्वतःचं आहे.

बहुतेकांची गाडी अडते ती 'जुन्या किल्ल्या'शी. मूळ संथ आहे; डाव्या हाताचा एक खालचा स्वर तानपुऱ्याच्या षड्जासारखा अखंड चालू असतो आणि त्यावर उदास सुरावट. कीबोर्डवादक इमर्सन तीच सुरावट 'मूग' या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरवर भरधाव नेतो. लय धरून ऐकलं तर काहीच ओळखू येत नाही, म्हणून नजर स्वरांच्या चढउतारावर ठेवा. इथे मूळची उदासी गेलीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लगेच पुढे सुरू होणारं ब्लूज ऐका: हॅमंड ऑर्गन, बेस आणि ड्रम्स एकमेकांना जो प्रतिसाद देतात, तो पियानोच्या प्रतीत असणं शक्यच नव्हतं.

झोपडीच्या दोन भागांमध्ये त्यांनी स्वतःचा 'बाबा यागाचा शाप' घातला आहे. त्यानंतरची झोपडी थेट महाद्वारात शिरते, आणि हा जोड मुळातही असाच विनाखंड आहे. कोंबडीच्या पायांवरची ती झोपडी हार्टमनने घड्याळासाठी रेखाटली होती. कीव्हचं द्वार तर कधी बांधलंच गेलं नाही.

फ्रेंच संगीतकार राव्हेलने केलेलं याच रचनेचं १९२२चं वाद्यवृंद रूप शेवटी ऐका. ते आधी ऐकलं तर त्याचे रंग कानात बसतात आणि अल्बम त्यापुढे फिका वाटतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमात ते कधी लागलं, तर चुकवू नका.

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर या अल्बमची जुनी एलपी मिळाली तर तबकडी उजेडात तिरकी धरून पहिली बाजू तपासा. चौथा पट्टा 'द सेज'चा. आवाज सगळ्यात हळू तिथेच, त्यामुळे ओरखडा सगळ्यात जास्त ऐकू येतो तोही तिथेच. पावसाळ्यातल्या बुरशीचे पांढरे ठिपके बहुधा धुऊन निघतात. डोळ्यांच्या रेषेत धरल्यावर तबकडी लाटेसारखी दिसली, तर घेऊ नका.