जड धातूंना मातीत बांधून ठेवणारे कंपोस्ट

परसातली जमीन जुन्या बॅटरी-दुरुस्तीच्या जागेलगत असेल, किंवा तिच्यावर भिंतीच्या रंगाचे पोपडे वर्षानुवर्षे पडत आले असतील, तर भाजी लावण्याआधी माती तपासून घ्यावी. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे आणि कॅडमियम मोजत नाहीत. ते वेगळे सांगावे लागते.

कंपोस्टमुळे धातू नाहीसे होत नाहीत, जखडले जातात. त्यातील ह्यूमिक आम्ले, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यात बनणारी आम्ले, शिसे आणि तांबे घट्ट धरून ठेवतात, फॉस्फेटशी संयोग होऊन शिशाचे जवळजवळ न विरघळणारे क्षार बनतात आणि मुळांच्या वाट्याला येणारा अंश घटतो. आम्लधर्मी जमिनीत सामू (pH) वाढल्याचाही फायदा मिळतो. माळव्याची काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी, म्हणून इथे चुना घालण्याचे कारण नाही. मातीत आर्सेनिक निघाल्यास मात्र हा उपाय करू नये, कारण फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून सोडवते.

सारी भिस्त खत पुरते मुरण्यावर आहे. कच्च्या खतातील विद्राव्य द्रव्य तांब्याला उलट पाण्यासोबत वाहून नेते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच, इंदूरला, बसवलेल्या पद्धतीत ढीग अधूनमधून उलथून सुमारे तीन महिने कुजवत असत; आपल्याला मात्र महिन्याभरातच घाई होते. मूठभर ओलसर खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवावे. उघडताच अमोनियाचा दर्प नाकात गेला, तर ते तयार नाही. दर्प नसल्यास ताटलीत खत पसरून त्यावर हळिवाचे दाणे टाकावेत. रोपे पिवळी किंवा खुरटी आली, तर आणखी महिनाभर थांबावे.

विकतच्या शहरी खताचा तपासणी अहवाल मागावा. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशानुसार किलोमागे शिसे 100 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. घरच्या ढिगात बटण-सेल, रंगवलेल्या लाकडाची राख, निर्माल्यातले जरीचे धागे आणि चमकी जाऊ देऊ नये.

वाफ्यावर दोन इंच थर पसरून तो वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळावा आणि दोन आठवडे ओल राखून मग लावणी करावी. पालक, मेथी पहिल्या वर्षी टाळून टोमॅटो, भेंडी, दोडका लावावा, कारण फळांत धातू पानांपेक्षा कमी उतरतात. सेंद्रिय द्रव्य झिजत जाते, म्हणून थर दरवर्षी द्यावा. वाफा पालापाचोळ्याने झाकलेला असावा; शिसे मुळांतून येते त्याहून अधिक पानांवर उडालेल्या मातीतून ताटात येते.