ईसीयूची (गाडीच्या इंजिनाच्या संगणकाची) वायर डेटा वाचणाऱ्या अडॅप्टरला कायमची जोडताना

ओबीडी सॉकेटच्या (गाडी तपासायचं यंत्र लावायची जागा) १६ पिनांपैकी कॅनसाठी (गाडीतल्या संगणकांना जोडणारी दोन वायरींची डेटा लाइन) ६ आणि १४, अर्थिंगसाठी ४ व ५. पिन १६ला बॅटरीचा करंट चोवीस तास असतो. अडॅप्टर त्यावरच ठेवलात तर आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी बसू शकते. म्हणून सप्लाय इग्निशनच्या वायरीवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. कॅनच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन, मुख्य लाइनपासून अडॅप्टरपर्यंतचा फाटा शक्य तितका आखूड.

बॅटरी सोडवून ६ आणि १४मध्ये मीटर लावा: साधारण ६० ओहम हवेत. ४० आले तर अडॅप्टरमधला जादाचा १२० ओहमचा रेझिस्टर काढा.

गोव्याच्या खाऱ्या हवेत नुसती चिकटपट्टी? पहिल्याच पावसात तांबं हिरवं. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, आतून गोंदाची हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी वापरा.