बडोद्यातील भिंतींपुढे पेन्सिल घेऊन उभे राहताना

रांगोळी, भरतकाम किंवा चित्रासाठी नवी कल्पना सुचत नसेल, तर मोबाईलवर नमुने चाळत बसण्याऐवजी बडोद्याच्या कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात जावे. तेथे चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि रवींद्रनाथ टागोरांचे नाटक ‘नटीर पूजा’ असे चार विषय भिंतींवर रंगवले आहेत. सगळे एकाच भेटीत पाहण्याचा हव्यास मात्र धरू नये, कारण चार भिंती पाहून घरी येताना हाती एकही रेघ राहत नाही.

एकच भिंत निवडावी. पेन्सिल हात लांब करून डोळ्यांसमोर धरावी, एखाद्या आकृतीच्या डोक्याची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर पक्की करावी आणि ते माप उरलेल्या अंगात किती वेळा बसते, हे मोजून वहीत लिहावे. मग फक्त बाह्यरेषा काढावी. छायाचित्र घ्यायचेच असेल तर ते रेखाटन झाल्यावर घ्यावे, एरवी डोळे आळशी होतात. रंगांची नावे ‘पिवळा’ अशी ढोबळ न लिहिता ‘हळदीचा’, ‘ओल्या मातीचा’ अशी ओळखीची लिहिल्यास घरी ती छटा पुन्हा जुळवता येते.

पुढच्या खेपेस तांबेकर वाडा पाहावा. एकोणिसाव्या शतकातील त्या मराठी वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीलेची चित्रे आहेत; पण मला विचाराल तर प्रसंगांपेक्षा त्यांच्या कडेच्या वेलपट्ट्याच साडीच्या काठासाठी अधिक उपयोगी पडतात.