रायफलवरचा हात कसा जोखावा

बाकावर रायफल टेकवून साधलेला गोळ्यांचा दाट पुंजका बंदुकीची अचूकता सांगतो, नेमबाजाची नव्हे. म्हणून मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, 50 मीटरवरून पालथे पडून, गुडघ्यावर बसून आणि उभ्याने प्रत्येकी 5 गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर झाडाव्यात. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावे. भरकटलेली गोळी मात्र वगळू नये, कारण खरी परीक्षा तीच घेते. मग हेच घड्याळ लावून पुन्हा करावे, आणि बोल्ट (पुढची गोळी भरण्यासाठी मागे-पुढे सरकवायचा दांडा) मागे ओढताना गाल दस्त्यावरून उचलला जातो का, हे सोबत्याने पाहावे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लक्ष्याचा काळा गोल हलल्यासारखा दिसतो. त्या वेळी मोजलेले आकडे सकाळच्या आकड्यांशी ताडू नयेत.